बाबांना मढीमहालावर न्यायचंय : आर्थरसीटची वेळ, रस्ता आणि पायऱ्या

जतचा_वाटसरू
नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे जत तालुक्यातले, आता सांगलीत असतो. माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत. १९७२ च्या दुष्काळात गावाकडं हाताला काम नव्हतं, तेव्हा एका मुकादमाबरोबर ते महाबळेश्वरला रस्त्याच्या खडीकामावर गेले होते. दोन हंगाम राहिले. त्यानंतर आजपर्यंत परत गेले नाहीत. पण घरात दरीचा, डोंगराचा विषय निघाला की त्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं, "मढीमहालावरनं बघितलं का तुम्ही?" मला खूप उशिरा कळलं की ते म्हणतात ती जागा म्हणजे आर्थरसीट.

यंदा त्यांना तिथं न्यायचंच असं ठरवलंय. प्रश्न असे :

उजवा गुडघा दुखतो. वीस-पंचवीस पायऱ्या चढले की थांबावं लागतं. वाहनतळापासून कितपत चढ आहे? धुकं नसेल आणि गर्दीही नसेल असा महिना कुठला? सांगलीहून एका दिवसात जाऊन यावं की मुक्काम करावा? मुलगी आठवीत आहे, तिला घाटात गाडी लागते. बरोबर आई आणि बायकोही आहेत.

बाकीचे पॉइंट राहिले तरी चालतील. हा एक नीट व्हायला पाहिजे.

मेढ्याचा_पाहुणा
दादा, एका दिवसाचा नाद सोडा. सांगली, आष्टा, पेठ नाका, कराड, सातारा हेच सव्वाशे किलोमीटरच्या आसपास होतं. साताऱ्यातून वर अजून पंचावन्न-साठ. शेवटी घाट. बाबा वर पोचतील तेव्हा त्यांच्या अंगात दरी बघायचं त्राण उरणार नाही. आदल्या दिवशी जेवण करून निघा, संध्याकाळी वर पोचा, झोपा, सकाळी पॉइंटला जावा.

साताऱ्यातून दोन रस्ते आहेत. एक पाचवडवरून वाई, पसरणी घाट, पाचगणी. दुसरा मेढा, केळघर घाट, माचुतर. मी तुम्हाला मेढ्याचाच सांगेन. वळणं याही रस्त्याला आहेत, पण पाचगणीपासून वेण्णा तलावापर्यंत सुट्टीच्या दिवशी जी गाड्यांची रांग लागते ती टळते. रांगेत गाडी थांबत-थांबत चालली की पोरीला जास्त त्रास होईल. पावसाळ्यात मात्र केळघर घाट खात्री केल्याशिवाय धरू नका. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत त्या बाजूला आणि आंबेनळी घाटात दरडी कोसळून रस्ते बंद पडले होते.

पोरीला पुढच्या सीटवर बसवा, काच थोडी खाली ठेवा, आवळासुपारी तोंडात असू द्या. निघताना पोटभर खाऊ घालू नका आणि अगदी उपाशीही ठेवू नका.

पॉइंटची_गाडी
मी महाबळेश्वरात टॅक्सी चालवतो, आर्थरसीटला आठवड्यातून चार-पाच फेऱ्या होतात. म्हणून सविस्तर लिहितो.

बाजारपेठेपासून पॉइंट बारा-तेरा किलोमीटर. अर्ध्या वाटेवर क्षेत्र महाबळेश्वर लागतं. पुढचा रस्ता जंगलातून जातो, अरुंद आहे, समोरून गाडी आली की एकाला बाजू घ्यावी लागते. सकाळी लवकर गेलं तर ही अडचण नसते.

वाहनतळावर उतरलं की लगेच दरी दिसते असं नाही. पुढं पायवाट आणि पायऱ्या आहेत. वाटेत एको, मल्कम, टायगर स्प्रिंग अशी ठिकाणं येतात. पायऱ्या एकसारख्या नाहीत, काही बुटक्या, काही उंच. उंच पायरीला गुडघेदुखीवाल्यांचा कस लागतो. तुमच्या बाबांना सलग चढवू नका. प्रत्येक थांब्यावर दरी वेगळी दिसते, त्यामुळं थांबणं म्हणजे वेळ घालवणं होत नाही. उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो हे लक्षात ठेवा. काठी चढताना नसली तरी चालेल, उतरताना पाहिजेच. विंडो पॉइंटकडं खाली उतरावं लागतं, तो त्यांच्यासाठी सोडून द्या.

माकडं भरपूर. हातात पिशवी दिसली की येतात. खाऊ गाडीत काचा लावून ठेवा, वर फक्त पाणी न्या.

आणि मंगळवार-बुधवार बघा. शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी, नाताळ हे दिवस तुमच्या कामाचे नाहीत.

वाईची_वहिनी
मंगळवार-बुधवारला माझाही दुजोरा. एक अनुभव सांगते. दोन वर्षांपूर्वी माझी सासूबाईंना घेऊन सहल झाली. एका गाडीवाल्याने "बारा पॉइंट, एक दिवस" म्हणून ठरवलं होतं. आर्थरसीटला त्याने वीस मिनिटं दिली. सासूबाई धापा टाकत वर पोचल्या तोवर खालून हॉर्न सुरू. कठड्याला हात लावला आणि परत फिरलो. त्या आजही विचारतात, "त्या डोंगरावर काय होतं गं?" मला त्याचं फार वाईट वाटतं. त्या परत इतक्या पायऱ्या चढू शकणार नाहीत.

गाडी स्वतःची असेल तर प्रश्न नाही. भाड्याची करणार असाल तर आधी सांगा की एकाच ठिकाणी तीन तास थांबायचंय, आणि त्याचे काय होतील ते पैसे ठरवून घ्या.

जतचा_वाटसरू
वहिनी, हे वाचून मनात धस्स झालं. गाडी स्वतःचीच नेणार. महिन्याचं कुणी सांगा ना. ऑक्टोबर की नोव्हेंबर?

सह्याद्रीची_लेक
मी साताऱ्याची. फोटो काढायला वर्षातून सात-आठ वेळा तरी जाते.

जून ते सप्टेंबर विसरा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक याच महिन्यांत. कठड्यापुढं पांढरी भिंत असते, हात लांब केला तर बोटं दिसेनाशी होतात. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातही दुपारी ढग चढतात. दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबरच्या मध्यापासून हवा धुतल्यासारखी होते. तेव्हा जा. डिसेंबर-जानेवारीतही छान दिसतं, पण पहाटेची थंडी बाबांच्या गुडघ्याला सोसणार नाही. वेण्णा तलावाच्या काठी तेव्हा दव गोठतं. एप्रिल-मेमध्ये हवा धूसर, लांबचं काही दिसत नाही.

वेळेबद्दल मात्र माझं मत पॉइंटच्या गाडीवाल्या दादांपेक्षा वेगळं आहे. सावित्रीच्या दरीचे आपल्या बाजूचे कडे पश्चिमेला तोंड करून आहेत. सकाळी सूर्य आपल्या पाठीमागे असतो, म्हणजे हे कडे सावलीत. दुपारी दोननंतर उन्ह त्यांच्यावर पडतं आणि मग थरन्‌थर उठून दिसतो. कडे बघायचे असतील तर दुपार.

पॉइंटची_गाडी
ताई, फोटोसाठी तुमचं खरं आहे. पण दुपारी दोनला तिथं बसायला दगड मिळत नाही. ७४ वर्षांच्या माणसाला धक्के खात उभं करणार का?

खडकवाचन
कराडला भूगोल शिकवतो. दोघांचंही बरोबर आहे, कारण दोन वेळांना दोन वेगळ्या गोष्टी दिसतात.

सकाळी आपल्या पठाराची सावली दरीत पडलेली असते. समोरच्या डोंगरांच्या माथ्यावर उन्ह आणि खाली गडद निळं. सूर्य वर येतो तशी ती सावली समोरच्या उतारावरून खाली सरकत आपल्याकडं येते. तासभर एका जागी बसलं तर डोळ्यांना कळतं की ती सरकतेय. दरी किती खोल आहे याचा अंदाज मला त्या सावलीनं आला, आकड्यांनी कधी आला नव्हता. खाली धुकं साचलेलं असेल आणि पाठीमागून उन्ह आलं तर सकाळीच इंद्रवज्र दिसू शकतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दिसतं तेच, गोल इंद्रधनुष्य आणि मधोमध आपली सावली.

दुपारी कड्यांचे थर दिसतात. आपला सगळा सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. एक थर वाहिला, थंड झाला, त्यावर दुसरा. भाकऱ्यांची चवड लावावी तसे. कठीण बसाल्ट उभा राहतो आणि दोन थरांमधला मऊ, तांबडा भाग झिजून आत जातो. म्हणून कड्यावर आडव्या रेघा दिसतात आणि त्या रेघांच्या पट्ट्यावर गवत धरतं. सगळ्यात वर जांभा. महाबळेश्वर, पाचगणीच्या माथ्यावरचा तो तांबडा सच्छिद्र दगड म्हणजे या चवडीवरचं झाकण.

पण दादा, तुम्ही जतचे आहात म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आर्थरसीटवर उभं राहिलं की डावीकडं सावित्री आणि उजवीकडं जोर गावाचं खोरं, म्हणजे कृष्णा. दोन्ही नद्यांचे उगम क्षेत्र महाबळेश्वराला मानतात. सावित्री पश्चिमेला कोसळते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. वाट छोटी, उतार मोठा, म्हणून तिनं एवढी खोल दरी कोरली. कृष्णा पूर्वेला वळते आणि साधारण चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते. तुम्ही उभे असता ती धार म्हणजे पाण्याची वाटणी आहे. डाव्या हाताला पडलेला थेंब महाडकडं, उजव्या हाताला पडलेला वाई, कराड, सांगलीकडं.

जतचा_वाटसरू
सर, हे मी बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे म्हैसाळला उचलत्यात ते पाणी त्याच उजव्या अंगाचं." आमच्या भागात म्हैसाळ योजनेचं, म्हणजे कृष्णेतून उचललेलं पाणी आलं तेव्हा बाबा कालव्याच्या कडेला जाऊन बसले होते. बहात्तरला ज्या डोंगरावर खडी फोडली तिथलं पाणी आपल्या तालुक्यात आलं, हे त्यांच्या ध्यानात आत्ता आलं.

आता तर जायचंच. नोव्हेंबरचा तिसरा आठवडा धरतो.

ढवळेघाट_भटक्या
वरून बघणाऱ्यांनी खालून आलेल्याचंही ऐका. ढवळे गावातून चंद्रगड करून आर्थरसीटला चढणारी वाट मी तीनदा केलीय. पहाटे निघालो तर माथ्यावर पोचायला दिवस सरतो. दाट रान. बहिरीच्या घुमटीपाशी दम खायचा, 'जोरचं पाणी' म्हणतात त्या पाणवठ्यावर बाटल्या भरायच्या, आणि मग शेवटी अचानक कठडा, भेळेचा वास, माणसांचे आवाज. वाटाड्याशिवाय या वाटेला कुणी जाऊ नये.

बाबांना कठड्यावरून चंद्रगड दाखवा. लोक लांब बघतात आणि तो सुटतो, कारण तो खाली आहे. किल्ला वरून बघायची सवय नसते आपल्याला. त्याच्या मागं मंगळगड. हवा स्वच्छ असेल तर रायगड. उजव्या अंगाला कोळेश्वराचं आणि रायरेश्वराचं सपाट पठार, त्यांच्याही पलीकडं तोरणा, राजगड. दुर्बीण मिळाली तर न्या.

आणि सगळ्यांना एक विनंती. तिथं वारा कड्यावर आदळून सरळ वर चढतो, त्यामुळं हलकी वस्तू टाकली की परत वर येते. ते बघायला लोक बाटल्यांची बुचं टाकतात. त्यातलं फार थोडं परत येतं, बाकीचं कड्याच्या पट्ट्यांवर आणि खालच्या रानात पडतं. चढताना मला गवतात निळी-पांढरी बुचं दिसतात. कुठून येतात ते माहीत असल्यानं जीव तुटतो. महाबळेश्वर-पाचगणी भाग २००१ सालापासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, पण त्यासाठी कायदा कशाला लागतो? मुलीला ती गंमत दाखवायची असेल तर वाळलेलं पान सोडा. पान बुचापेक्षा छान उडतं.

वाईची_वहिनी
सावित्री वरून दोरीएवढी दिसते म्हणून तिला लहान समजू नका. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा जुना दगडी पूल तिनंच नेला. पावसाळ्यात "धुकं बघायला" जाऊ म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते.

गुडघा ऐन वेळी दुखायला लागला तर दुसरा बेतही मनात असू द्या. त्याच रस्त्यावर एलफिन्स्टन पॉइंट आहे, चालणं कमी, दरी तीच. आणि परतताना केट्स पॉइंट, म्हणजे जुनं नाकेखिंड. तिथून कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी दिसतं. तुमच्या बाबांना ते बघायला आवडेल.

सह्याद्रीची_लेक
मग असं करा ना. सकाळी आर्थरसीट, निवांत. दुपारी जेवून, विश्रांती घेऊन तीनच्या सुमारास एलफिन्स्टन. उन्ह लागलेले कडे तिथून बघा. दोन्ही वेळा साधतील, आणि चढ एकदाच.

पॉइंटची_गाडी
हे पटलं ताई. दादा, घडीचा स्टूल घेऊन या. वर बाकं आहेत, पण प्रत्येक वळणावर नाहीत.

---

जतचा_वाटसरू
मंडळी, जाऊन आलो. उशीर झाला लिहायला, पण सगळं नीट लिहायचं होतं.

सोमवारी दुपारी निघून मेढ्याच्या रस्त्यानं गेलो. मुलीला एकदाच मळमळलं, केळघर घाटाच्या मध्यात. पाच मिनिटं थांबलो, ठीक झाली. क्षेत्र महाबळेश्वरात मुक्काम केला. संध्याकाळी पंचगंगेच्या देवळात गेलो. बाबांनी ओंजळीत पाणी घेतलं, प्याले आणि उरलेलं डोक्यावरून फिरवलं.

मंगळवारी साडेसातला वाहनतळावर आमची दुसरी गाडी होती.

त्याआधी रस्त्यावर एक गोष्ट घडली. जंगलात एका वळणावर बाबा "थांब, थांब" म्हणाले. रस्त्याखालून पाणी जायची एक दगडी मोरी होती. बाबा उतरले. वाकता येत नाही म्हणून काठीचं टोक दगडावर टेकवून बघत राहिले. मग पुढं चला म्हणाले. शंभर पावलांवर तशीच दुसरी मोरी. तिथं बाजूला बारीक झरा होता. बाबा म्हणाले, "ही. झऱ्याचं पाणी आम्ही डब्यात धरायचो." मला बाजूच्या भिंतीचे दगड चाचपायला लावले. मधला एक दगड घडीव होता, टाकीचे घाव हाताला लागत होते, शेवाळानं कडा बोथट झाल्या होत्या. तो त्यांनीच घडवला की दुसऱ्या कुणी, हे ते सांगू शकले नाहीत. तेव्हा ते फक्त खडी फोडायला होते, घडाई वडारांकडं होती, असं म्हणाले. त्या सोबत्यांची नावं मात्र सगळी सांगितली, एकेक करून, तिथंच उभं राहून.

पायऱ्यांना आम्हाला पाऊण तास लागला. पाच ठिकाणी स्टूल मांडला. गाडीवाले दादा, उंच पायऱ्यांचं तुम्ही सांगितलं होतं म्हणून आधीच ठरवलं होतं, तिथं मी वर आणि बायको खाली, बाबा मध्ये. टायगर स्प्रिंगपाशी आई म्हणाली, "आता पुरे, इथंच बसूया." बाबांनी ऐकलं नाही.

वर पोचलो तेव्हा कठड्यापाशी चारच माणसं होती. खडकवाचन सर, सावली सरकताना दिसली. मुलीनं समोरच्या डोंगरावरचं एक झाड खुणेला धरलं आणि घड्याळ लावून बसली. झाड उन्हात आलं तेव्हा अशी ओरडली की शेजारच्या आजोबांनीही वळून बघितलं. इंद्रवज्र नाही दिसलं, धुकं नव्हतं. चंद्रगड सापडायला वेळ लागला, खाली बघायचं हे आठवल्यावर सापडला. रायगडाबद्दल आमच्यात एकमत झालं नाही. राजगड, तोरणा स्पष्ट.

बाबा आधी डावीकडं बघत होते. नंतर स्टूल उचलून उजवीकडं मांडायला सांगितला आणि मग ते तिथून हलले नाहीत. जोरच्या खोऱ्यातली खाचरं, घरं, बारीक रस्ता. "बहात्तरला ही बाजू बघायचं डोक्यातच नव्हतं," म्हणाले. "सगळे इकडं डावीकडंच बघायचे. खोल म्हणून."

पान सोडलं. मुलीनं सोडलेलं पहिलं पान खाली गेलं, दुसरं कड्याच्या खाली थरथरत थांबल्यासारखं झालं आणि सरळ तिच्या डोक्यावरून मागं निघून गेलं.

साडेअकराला खाली आलो. तोवर वाहनतळ भरला होता. उतरताना काठीचा उपयोग झाला. दुपारी गुडघ्याला शेक दिला, आणि साडेतीनला एलफिन्स्टनला गेलो. सह्याद्रीच्या लेकीनं सांगितलेलं उन्ह तिथं बघितलं. आई थर बघून म्हणाली, "खरंच की गं, भाकऱ्याच." केट्स राहिला. बाबा थकले होते आणि मी आग्रह केला नाही.

वाईची_वहिनी
दादा, डोळे भरून आले. सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तिथं दोन नद्या होत्या होय." मी त्यांना पुढच्या महिन्यात एलफिन्स्टनला नेणार आहे, चढ नाही म्हणून.

खडकवाचन
दादा, तुमच्या बाबांचं "ही बाजू बघायचं डोक्यातच नव्हतं" हे मी उद्या वर्गात सांगणार आहे. चालेल ना?

जतचा_वाटसरू
सर, जरूर सांगा. बाबांना विचारलं, ते खूश झाले.

आता एक नवीन प्रश्न. परतल्यापासून बाबांनी लावून धरलंय की वरून दिसलेल्या त्या जोर गावात खालून जायचं. तिथं उभं राहून वर मढीमहाल दिसतो का ते त्यांना बघायचंय. रस्ता कसा आहे? गाडी जाते का?

वाईची_वहिनी
जाते. वाईहून धोम धरणाच्या कडेनं, बलकवडीच्या पुढं जोरला रस्ता जातो, एसटीही जाते. पायऱ्यांचं काम नाही, शेवटपर्यंत गाडीतच बसायचं. पाऊस सुरू व्हायच्या आत या. आणि वाईत आलात की आधी आमच्याकडं जेवायला, मग पुढं जा.